किल्ल्यापर्यंत साठ, परत साठ

मी माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात सध्या त्याबद्दल दुमत आहे.

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली म्हणून फ्रान्सला जायचं ठरलं. नदीकाठच्या गावांमधून सायकल चालवायची, रोज तीस-चाळीस किलोमीटर, वाटेत जुने किल्ले आणि राजवाडे बघायचे, संध्याकाळी हॉटेलात जाऊन पाय पसरायचे. सामान आपल्या आधी तिथे पोचलेलं असतं. कल्पना माझी. बायकोने दुसरं काही सुचवलं असतं तर तेही मी ऐकलं असतं. तिला सुचवायला वेळ मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी.

सहलवाल्यांचा फॉर्म आला. आता फॉर्म हा माझा प्रांत. चौदा वर्षांपूर्वी पुण्याहून जपानमध्ये निशी-कसाईला आलो तेव्हापासून वॉर्ड ऑफिस, व्हिसा, विमा, मुलीची शाळा, सगळे फॉर्म मीच भरत आलो आहे. इथल्या कागदांवर मी कुटुंबप्रमुख असतो, तसा रकानाच असतो. घरात इतरत्र कुठेही हा दर्जा मिळत नसल्यामुळे मी तो कागदावर मनसोक्त उपभोगतो. तेव्हा हाही फॉर्म मी एका बैठकीत भरून टाकला. माझ्यापुढे लिहिलं, रोड सायकल, अनुभव उत्तम. बायकोपुढे लिहिलं, बॅटरीची सायकल. अनुभव: क्वचित, फक्त बाजारहाटापुरता.

तिला त्रास होऊ नये म्हणून लिहिलं होतं. दुसरा हेतू असेल तर मला दाखवून द्यावा.

सहलवाल्यांनी हे सगळं व्यवस्थित छापून दोघांच्या ईमेलवर पाठवलं. रविवारची सकाळ होती, मी पोहे खात होतो.

"अहो, हे 'क्वचित' कोणी लिहिलं?"

"कुठलं क्वचित?"

तिने वाचून दाखवलं. शांतपणे, बातम्या वाचतात तसं.

"अगं, तिकडे चढ-बिढ असतात. तुझे गुडघे उगाच..."

"माझे गुडघे कधी दुखले?"

मी आठवून पाहिलं. जे दुखरे गुडघे आठवले ते माझे निघाले.

आमची मुलगी समोर फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ती चार वर्षांची असताना इथे आली, त्यामुळे वाद मराठीत ऐकते आणि निकाल जपानीत देते. "मुरी," ती म्हणाली. म्हणजे, यात काही राम नाही, सोडून द्या. कोणी सोडायचं ते मात्र सांगितलं नाही.

"मी त्या सायकलवर बसणार नाही," बायको म्हणाली. "माझं नाव काढा. तुम्ही जाऊन या, फोटो पाठवा."

आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. पंचवीस वर्षांत मला एवढं कळलं आहे की चढला असता तर बरं झालं असतं. फॉर्ममध्ये बदल करायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती.

आता मला सांगा, माणसाने काळजी करायची नाही का? सोमवार ते शुक्रवार मी याच मुद्द्यावर धुमसत होतो. ऑफिसच्या ट्रेनमध्ये उभा राहून मनातल्या मनात भाषणं केली, त्यातली दोन तर फारच चांगली झाली. शुक्रवारी घरी येऊन त्यातलं एक म्हणायला सुरुवात केली आणि शेवटी तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "एवढं आहे ना, मग एदोगावा नदीच्या बांधावरून वरच्या टोकाच्या किल्ल्यापर्यंत चालवून दाखव. साठ जायचे, साठ यायचे. मग बोलू."

"आणि पूर्ण केलं तर?"

"तर तुझा फॉर्म तू भर."

"नाही झालं तर मी बॅटरीवर बसेन आणि एक शब्द बोलणार नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी सहा."

मला वाटलं होतं ती आधी सराव मागेल. निदान आठवडाभर.

माझी तयारी तशी दोन वर्षांची होती. हलकी रोड सायकल, बूट पेडलमध्ये अडकतात ते पेडल, फोन लावायला पट्टी, आणि ती गादीवाली घट्ट चड्डी. ही चड्डी घालून मी बाहेर निघालो की मुलगी आपल्या खोलीत जाते. बायकोने काढली तिची नेहमीची मामाचारी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: इथल्या समस्त आया चालवतात ती सायकल. पुढे टोपली, मागे कॅरियर, तीन गिअर, आणि वजन असं की उचलताना म्हशीचं रेडकू उचलल्यासारखं वाटावं. टोपलीत तिखटमिठाच्या पुऱ्या, पाण्याच्या दोन बाटल्या आणि रेनकोट.

"याच्यावर जाणार?" मी विचारलं.

"मला हीच चालवता येते. क्वचित."

बांधावरचा रस्ता सपाट, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला घरांची छपरं. तासाभराने छपरं संपतात आणि शेतं लागतात. मे महिना होता, भातखाचरांत नुकतं पाणी सोडलेलं. समुद्रापासून किती लांब आलो त्याचे खांब वाटेत येत राहतात. मी ते खांब मागे टाकत अक्षरशः उडत होतो. तासाला अठ्ठावीसचा वेग. सत्तरीचे जपानी आजोबा मला एरवी घंटीसुद्धा न वाजवता मागे टाकतात, त्यांच्यातल्या दोघांना मी मागे टाकलं. मागे वळून पाहिलं तर बायको दिसेनाशी झाली होती. वाईट वाटलं. थोडंसंच, पण वाटलं.

वारा समुद्राकडून होता, म्हणजे माझ्या पाठीत. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं या माझ्या मांड्या.

किल्ल्याबद्दलही माझी तक्रार आहे. किल्ला म्हटलं की पुण्याच्या माणसाला सिंहगड आठवतो. घाम निघाला पाहिजे, दम लागला पाहिजे, वर पोचल्यावर दही मिळालं पाहिजे. हा किल्ला सपाटीवर, नदीच्या फाट्यापाशी, पांढराशुभ्र आणि गुळगुळीत. मूळचा केव्हाच पाडला, आता त्या रूपाची इमारत बांधून आत संग्रहालय केलं आहे. साठ किलोमीटर येऊन पाहतो तर वयाने तो माझ्यापेक्षा लहान. फ्रान्समध्ये असं होणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली आणि बाकावर बसलो.

तासाभराहून जास्त वेळाने ती आली. टोपलीत एक भला मोठा कोबी होता.

"हे काय?"

"शेताच्या कडेला ठेवला होता, डब्यात नाणं टाकून घ्यायचा. ताजा आहे. तुम्ही किल्ला बघितलात?"

मी बघितला नव्हता. तासभर रस्त्याकडे बघत बसलो होतो, आणि आता उठायचं म्हटलं तर मांड्या ऐकेनात. परीक्षा चालू असताना ही बाई कोबी घेते, याचा मला मनापासून संताप आला. ती आत जाऊन तिन्ही मजले बघून आली. खालच्या नद्या कशा वळवल्या ते मला सांगू लागली. मी पुऱ्या खात होतो.

परतीला वळलो आणि वारा तोंडावर आला. अठ्ठावीसचे सोळा झाले, सोळाचे बारा. बायको शेजारून चालली होती, तिच्या ठरलेल्या गतीने. जाताना जी गती होती तीच. तिला वारा आहे हे माहीत तरी आहे का, अशी मला शंका आली.

"वारा आहे," मी म्हटलं.

"स्टेशनकडे जाताना रोज असतो," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या मागे या. कमी लागेल."

मी तिच्या मागे? मी जोर लावून पुढे गेलो. तिथून चार-पाच किलोमीटरवर दोन्ही मांड्यांत एकदम गोळे आले. थांबायला गेलो तर बूट पेडलमधून सुटेना. दोन वर्षं सवयीने सुटत होता, त्या दिवशी नाही. मी सायकलसकट बांधाच्या उतारावर गवतात आडवा झालो, अगदी हळूहळू, झाड पडतं तसा. वर पाहिलं तर सकाळी मागे टाकलेल्या आजोबांपैकी एक उभे होते.

त्यांनी माझी विचारपूस बायकोकडे केली. ती उत्तरं देत होती. मी चौदा वर्षं इथे नोकरी करतो, मीटिंगमध्ये जपानी बोलतो, पण त्या उतारावर माझ्या पायांविषयीची चर्चा माझ्या डोक्यावरून चालली होती, आणि ती इतकी सफाईदार की मला निम्म्या गोष्टी कळेनात. ही एवढं कधी शिकली? आजोबांचं म्हणणं पडलं की नवरा सायकलने जाऊ शकत नाही, स्टेशन जवळ आहे, त्याला ट्रेनने पाठवा. इथे ट्रेनमध्ये सायकल न्यायची तर चाकं काढून पिशवीत भरावी लागते. माझ्याकडे पिशवी नव्हती, कारण हरणाऱ्यांनी पिशवी बाळगायची असते. आजोबांनी स्वतःची काढून दिली, पोस्टाने परत पाठवा म्हणून पत्ता लिहून दिला, तोही बायकोच्या हातात.

"तू पण चल," मी म्हटलं. "पुरे झालं. मी मानलं."

"काय मानलंत? अजून चाळीस आहेत."

"अगं, चेष्टा नाही. वारा बघ."

तिने माझ्या बुटावरचं गवत झटकलं. "अहो, पोरीला पुढे बसवून मी पाळणाघरात न्यायचे, मागे दहा किलो तांदूळ. पावसात. तुम्ही तेव्हा झोपलेले असायचात, नाहीतर ऑफिसात. तुम्हाला माहीत नाही म्हणून ते क्वचित झालं का?"

ती कोबी नीट बसवून निघाली. बांधावर ती लहान होत गेलेली मला स्टेशनच्या वाटेवरून दिसत होती. पाठ सरळ, पाय एका लयीत, मान वाऱ्यात किंचित खाली. या पाठीला मी चौदा वर्षांत सायकलवर कधी मागून पाहिलं नव्हतं. ती नेहमी मी घरी यायच्या आत परत आलेली असायची.

ट्रेनमध्ये ती पिशवी दोन वेळा लोकांच्या पोटऱ्यांना लागली आणि दोन्ही वेळा त्यांनीच माझी माफी मागितली. मला तेही सहन झालं नाही.

घरी दार मुलीने उघडलं. "आई कुठेय?"

"येतेय. सायकलवर."

तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिला जपानी शब्द सापडला नाही. मग म्हणाली, "बाबा, तू तिला एकटीला सोडून आलास?"

"तिनेच मला पाठवलं," मी म्हटलं, आणि ते शब्द माझ्याच कानाला इतके केविलवाणे लागले की मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दोन तास उभा होतो. अंगावर तीच चड्डी.

पाचच्या सुमाराला ती खाली सायकलस्टँडवर दिसली. चेहरा लाल, केस विस्कटलेले. कुलूप लावलं, कोबी घेतला, वर आली. चहा मी केला होता, तो तिने घेतला. आंघोळ करून आली, लॅपटॉप उघडला आणि स्वतःचा फॉर्म भरला. मला दाखवला नाही. मुलीला एक-दोन इंग्रजी शब्द विचारले, मला नाही.

मग माझ्या रकान्यापाशी येऊन थांबली.

"तुमचं काय लिहू?"

"कशाचं काय?"

"सायकल कुठली? बॅटरीची हवी की तशीच?" चेहऱ्यावर चेष्टेचं नावही नव्हतं. "विचारतेय मी. तुम्ही सांगाल ते लिहीन."

खरं सांगायचं तर, तिने परस्पर बॅटरीची लिहिली असती तर मला सोपं गेलं असतं. निदान पुढची पंचवीस वर्षं भांडायला हक्काचा विषय मिळाला असता. विचारल्यामुळे सगळीच पंचाईत झाली.

"विचार करून सांगतो," मी म्हटलं.

"सांगा. मी थांबते."

मुदत संपायला तीन दिवस उरले आहेत. तिचं नाव यादीत राहिलं आहे. माझ्या मांड्यांनी त्यांचं मत कधीच दिलं आहे, मी अजून दिलेलं नाही. ती रोज सकाळी पोह्यांच्या वेळी एकदा विचारते.