सुपरवायझरची शुद्ध मराठी

ऐंशीच्या दशकात मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत माझ्या नवऱ्याचे हात ॲसिडने भाजले. दुसऱ्या दिवशी त्याचा सुपरवायझर घरी आला. एरवी तो कामगारांना हिंदीत शिव्या घालायचा. त्या दिवशी मात्र आवाज बारीक करून, एकेक शब्द सावकाश, शुद्ध मराठीत बोलत होता.

"वहिनी, हातमोजे दिले होते. यांनीच घातले नाहीत."

नवऱ्याने मान खाली घातली. मला त्या गोड आवाजाची किळस आली.

"हेच तुमच्या रोजच्या आवाजात बोला," मी म्हटलं.

तो घुटमळला, मग एकदम खेकसला, "मोजे संपलेले, तर मी काय करू?"

"मग कंपनीत हेच सांगा."

त्याने कधीच सांगितलं नाही. नवऱ्याची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही.