मानेसरमधलं माजघर

आमच्या कारखान्याला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या सल्लागारानं मला फसवलं. नेटवर्क मी बांधलं, नाव त्यानं लावलं. तो मराठी, मी मराठी, आणि फसवणूकही मराठीत झाली. हिंदीत त्याला ते जमलं नसतं.

ही फुशारकी वाटली तर वाटू दे. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी दिल्लीत आले तेव्हा मला हिंदीतले उनसठ आणि उनहत्तर, म्हणजे एकोणसाठ आणि एकोणसत्तर, यांतला फरक कळत नव्हता. तो भाजीबाजारात शिकले आणि नंतर कोणाला सोडलं नाही. दिल्लीबाहेर मानेसरला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर्समध्ये टायपिंगसाठी लागले. कंपनीच्या बसचा थांबा घराजवळ आणला तो भांडून, बायकांसाठी वेगळी कपाटं घेतली तीही भांडून. खोक्यांचे पुरवठादार आत येण्याआधी शिपायाला विचारत, "आज मैडम का मूड कैसा है?" माझा नियम एकच होता. तोंडी काही नाही, आधी मेल पाठवा.

संगणकाचं पुढचं शिक्षण मी माझंच घेतलं. दिल्लीतल्या मुनिरक्यात खोली सोडून निघालेल्या एका विद्यार्थिनीकडून घासाघीस करून जुना लॅपटॉप घेतला आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला शिकले. चूक झाली की संगणक तिथल्या तिथे सांगतो. मागून बोलत नाही. माझं आणि त्याचं म्हणूनच जमलं.

मग कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं. खोक्यावर लावायची लेबलं आता त्यातून निघणार होती. त्याचे तीन भाग होते: ऑर्डर घेणारा, सगळ्या नोंदी ठेवणारा आणि लेबल छापायला पाठवणारा. प्रत्येक भाग आपापल्या कंटेनरमध्ये चालायचा. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र घातलेला बंद डबा. हे डबे एकमेकांशी बोलतात ते संगणकाच्या आतल्या आत तयार केलेल्या नेटवर्कवरून. तिथे ना वायर असते ना खोका, फक्त पत्ते असतात.

सल्लागारानं ते पत्ते आकड्यांत लिहून ठेवले होते. गोम अशी, की संगणक बंद होऊन सुरू झाला की जो डबा आधी उठेल त्याला पहिला पत्ता मिळायचा. वीज गेली की पत्त्यांची अदलाबदल. ऑर्डरवाला नोंदींच्या दारावर जायचा आणि आत लेबलवाला बसलेला असायचा. लेबलं बंद, लाइन बंद. सुपरवायझर जिन्यातूनच ओरडत यायचा, "मैडम, फिर बैठ गया आपका डब्बा! माल कहाँ रखूँ, सिर पे?" सल्लागार गुडगावहून यायचा, आकडे बदलायचा, चहा प्यायचा, जायचा. पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच.

मी स्टोअर्समधल्या एका जुन्या संगणकावर जेवणाच्या सुट्टीत तेच तीन डबे मांडले. वाचताना कळलं होतं, की आपण एक ओळ टाइप करून स्वतःचं नेटवर्क तयार केलं आणि डबे त्यात जोडले, तर ते एकमेकांना नावानं शोधतात. मग पत्ता कितीही बदलू दे. मी एक सोडून दोन नेटवर्कं केली. एकाचं नाव ठेवलं अंगण, दुसऱ्याचं माजघर. लेबलवाला अंगणात, कारण त्याला बाहेरच्या प्रिंटरांशी बोलायचं असतं. नोंदी माजघरात, आणि माजघराला बाहेरचं दारच नाही. ऑर्डरवाला दोन्हीकडे. डबे उलटसुलट क्रमानं बंद केले, सुरू केले. दर वेळी ज्याला जो हवा तो सापडला. इतकं व्यवस्थित घर मी आयुष्यात दुसरं लावलेलं नाही.

खऱ्या संगणकाला हात लावायची परवानगी मात्र सल्लागाराकडे होती. मी त्याला बोलावलं, हिंदीत. तेवढ्यात माझ्या बहिणीचा फोन आला, मी दोन वाक्यं बोलले आणि तो खुर्चीतून उठला.

"अरे, तुम्ही मराठी? ताई, आधी सांगायचं ना यार!"

आईवडील केंद्र सरकारच्या नोकरीत, याची शाळा-कॉलेज सगळं दिल्लीत. माझ्या डब्यातले दडपे पोहे खाल्ले, पडद्यावरचं माजघर पाहिलं आणि म्हणाला, "बिल्कुल मस्त, ताई. हे मला का नाही सुचलं?"

मी अटी घातल्या. कारखाना तेव्हा सिस्टिम इनचार्जची नवी जागा काढणार होता, आणि ज्यानं हे काम केलं त्यालाच ती द्यायची, असं जनरल मॅनेजर साहेब बोलून गेले होते. मला ती जागा हवी होती. स्टोअर्समधली टायपिंगवाली म्हणून निवृत्त व्हायचं नव्हतं. मी म्हणाले, "हस्तांतराच्या कागदावर रचना करणाऱ्याच्या जागी माझं नाव येईल. मगच आज्ञा देईन."

"ताई, हे काय सांगायला हवं? आपल्यात आता मेल-बिल कशाला?"

आणि मी हो म्हणाले. परक्या गावात मराठी माणसाकडे लेखी मागायची मला लाज वाटली. वीस वर्षांत मोडला नव्हता तो नियम मी दडप्या पोह्यांच्या डब्यासमोर मोडला.

रविवारी कारखाना बंद असताना आम्ही बसलो. नेटवर्क तयार झालं आणि सगळे प्रिंटर गायब. त्याचा चेहरा पडला. "ताई, उद्या सकाळी लाइन सुरू होणार. माझी नोकरी जाईल." मी पाहिलं, माझ्या नव्या नेटवर्कनं आपणहून जे पत्ते घेतले होते तेच प्रिंटरांचेही होते. कारखान्यातल्या प्रत्येक प्रिंटरवर पत्त्याची चिकटपट्टी मीच लावली होती, त्या पत्त्यांची वही माझ्याच टेबलात होती. दोन्ही नेटवर्कं पुसली, वहीत नसलेला पत्त्यांचा पट्टा निवडला, आज्ञेत तो स्वतः लिहिला आणि पुन्हा बांधली. पहिलं लेबल बाहेर आलं तेव्हा तो टाळ्या वाजवत होता.

मग कॉन्फरन्स हॉलमध्ये त्याचं सादरीकरण झालं. पडद्यावर माझी दोन नेटवर्कं, खाली त्याचं नाव. हस्तांतराच्या कागदावरही तेच. जनरल मॅनेजर साहेबांनी विचारलं, "ये आँगन तो समझ गया। ये माजघर क्या है?"

सल्लागार पडद्याकडे वळला. त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "सर, वो टेक्निकल टर्म है।"

मी उभी राहिले. "सर, माजघर मतलब घर का बीच वाला कमरा, जहाँ बाहर का आदमी नहीं आता। नाम मैंने रखा है। नेटवर्क भी मैंने बनाया है।"

साहेब हसले. "वाह, मैडम ने नाम भी रख दिया! चलो, नेक्स्ट।"

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. आवाज चढला होता, सुपरवायझर थांबून ऐकत होता. सल्लागार म्हणाला, "ताई, टीमवर्क असतं हे. तुम्ही इतकं पर्सनल का घेता?"

"टीममध्ये दुसरं कोण होतं ते सांग."

लिफ्ट आली, तो गेला. सिस्टिम इनचार्जची जागा निघालीच नाही. सांभाळायचं काम त्याच्या कंपनीला दिलं. मी स्टोअर्समध्येच आहे.

त्यानंतर वीज कितीदा गेली ते मी मोजत नाही. दर वेळी डबे हवे त्या क्रमानं उठतात, एकमेकांना नावानं शोधतात आणि लेबलं निघतात. सुपरवायझर जिन्यातून ओरडत येणं बंद झालंय. परवा त्यानंच विचारलं, "मैडम, आजकल कोई शिकायत ही नहीं। किसने ठीक किया?" मी सांगितलं, मी केलं. तो म्हणाला, "मुझे तो पता ही था।" त्याला माहीत आहे. कागदाला नाही.

म्हणून त्या सल्लागाराला मी इथे उघड विचारते. रचना करणाऱ्याच्या जागी तू तुझं नाव लिहिलंस. त्यातली एक तरी ओळ तू टाइप केलीस का? केली असशील तर कोणती, ते दाखव. नसशील तर जनरल मॅनेजर साहेबांसमोर ये, माझ्यादेखत ते नाव खोड, आणि ते लिहिलंच कसं, याचं उत्तर दे.