आईच्या काखेतली बाटली

माझ्या आईइतक्या मनापासून शिव्या घालणारं माणूस अख्ख्या औशात दुसरं नसेल. त्यातल्या निम्म्या माझ्या पीएचडीच्या वाट्याला आल्या.

झालं असं, की बाबा रस्त्याच्या कामावर मुकादम. किनवटच्या जंगलात काम होतं, तिथून ते मलेरिया घेऊन आले. साधासुधा नव्हे, माणूस घेऊन जाणारा. नांदेडच्या दवाखान्यात आई त्यांच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली होती आणि मी, डॉक्टरांना आणि बाबांना विचारून, त्यांचं थोडं रक्त माझ्या प्रयोगशाळेत नेलं. पीएचडीच्या संशोधनासाठी मला मलेरियाचे जिवंत जंतू हवे होते.

रुग्णाच्या अंगातले हे जंतू बाटलीत सहसा तग धरत नाहीत. बाबांचे जगले. बाबाही बरे झाले आणि फोनवर विचारू लागले, "माझी लेकरं काय करायलीत?" मग आई फोन हिसकावून घ्यायची. "मेले का मुडदे?"

मरतात कसले! रोज जुनं पाणी काढायचं, नवं खाद्य घालायचं, मधूनमधून ताज्या तांबड्या पेशी द्यायच्या, त्याही बऱ्याचदा माझ्याच रक्तातल्या. दिवाळीला घरी जायचं तर आधी त्यांची सोय लावा. मला त्यांचा संताप यायचा आणि त्यांचा लळाही लागला होता.

मे महिन्यात आई प्रयोगशाळेत डबा घेऊन आली आणि त्याच दुपारी वीज गेली. जनरेटरने दोनदा खोकून जीव सोडला. या जंतूंना माणसाच्या अंगाइतकीच ऊब लागते. त्यांना ठेवायची आमची पेटी ऊब वाढवते, कमी करू शकत नाही. एसी बंद पडताच खोलीचा तवा झाला. थोड्या वेळात सगळे शिजले असते. गोठवून ठेवलेला साठा परत जगला नव्हता, त्यामुळे माझं सगळं काम पेटीतल्या दोन बाटल्यांत होतं. आणि नांदेडच्या उन्हाळ्यात अंगाइतकं गार काय, तर अंगच.

मी बुचं घट्ट केली, बाटल्या दुहेरी पिशव्यांत बांधल्या आणि एक काखेत धरली. नियमात हे बसत नव्हतं. माझ्या गाइड सरांनी पाहिलं असतं तर माझीच उचलबांगडी झाली असती. पण दोन्ही काखांत बाटल्या धरून वायरमनला कुठे शोधणार?

"काय हाय त्यात?" आईने विचारलं. मी खरं ते सांगितलं. आता ही बाटली भिंतीवर आपटते, असंच मला वाटलं.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी रडत होते बहुतेक.

"आण हिकडं," ती म्हणाली आणि थर्मामीटर धरावा तशी दुसरी बाटली काखेत धरून स्टुलावर बसली. मी वायरमनला घेऊन परतले, वीज आली, तोवर ती जागची हलली नव्हती. जंतूंना शिव्या घालणं तेवढं चालू होतं.

संध्याकाळच्या एसटीने ती औशाला गेली. सकाळी मी दोन्ही बाटल्यांतला एकेक थेंब काचपट्ट्यांवर घेतला आणि त्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. माझ्या बाटलीतले गेले होते. वायरमनच्या मागे उन्हात पळताना ती मी काखेतून काढून पिशवीत टाकली होती. आईच्या बाटलीत मात्र पेशीपेशीत बारीक अंगठ्यांसारखे जंतू दिसत होते, ठणठणीत.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर बाबांचा होता, आवाज आईचा.

"जगले का गं मुडदे?"