तिनंच दिलेली माहिती

हेरगिरीच्या तपासात कुणाला किती सांगायचं हे ठरवणं ही राज्यकारभारातली सर्वात गंभीर जबाबदारी आहे. ओहायोतल्या डब्लिनच्या आमच्या सरकारी कार्यालयात ती एका मंगळवारी सकाळी डोनट खात पार पडली.

दोन तपास अधिकारी आमच्या संचालकांना ब्रीफिंग द्यायला आले. तिघांचे फोन बाहेर माझ्या टेबलावरच्या टोपलीत ठेवले गेले आणि दार बंद झालं. चाळीस मिनिटांनी पाहुणे गेले, तसे संचालक माझ्याकडे आले. आतलं काही सांगायची त्यांना मनाई होती, म्हणून त्यांनी फक्त विचारलं: समजा, भारतात जाणारं कुणी अनोळखी माणसाचं बंद पार्सल बरोबर नेईल का?

मी म्हटलं, आमच्यात कुणी निघालं की फोन येतातच. अर्धा किलोच आहे म्हणतात. उघडून पाहणं बरं दिसत नाही. आणि अगदी अनोळखी कुणी नसतं, कुणाच्या तरी मावशीच्या ओळखीचं असतं. त्यांनी ‘मावशी’ वहीत लिहून घेतलं आणि हे बोलणं झालंच नाही असं बजावलं.

दुपारी डबा खाताना आमच्या विभागातली नागपूरची मुलगी समोर येऊन बसली. ती मला काका म्हणते. मी विरोध करणं सोडलंय. सुरक्षेच्या वार्षिक फॉर्मवर, परदेशी जाताना दुसऱ्याचं सामान नेलं का, असा प्रश्न असतो. आम्ही बाकीचे सगळे तिथे ‘नाही’ लिहितो. तिनं अकरा पार्सलं लिहिली होती. त्यातलं एक कुणाचं ते आठवत नाही, हेही लिहिलं होतं. त्यानंतर दोन माणसं येऊन तिला प्रश्न विचारून गेली होती.

“काका, जॉब गेला तर व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत देश सोडावा लागेल. तुम्हाला काही कळलं का?”

“नाही,” मी म्हणालो. तिनंच दिलेली माहिती तिच्यापासून लपवण्याच्या कामात आता मीही होतो.

महिनाभर तिनं घराची लीज वाढवली नाही, नवा सोफा कॅन्सल केला. मग ते दोघे तपास अधिकारी संचालकांकडे पुन्हा आले, या वेळी बाराच मिनिटं. ते गेल्यावर संचालकांनी तिला बोलावलं आणि व्हिसा वाढवायच्या अर्जावर सही केली. चौकशी संपली का, असं तिनं विचारलं.

“कोणती चौकशी?” ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

चौकशी संपल्याचं तिला अधिकृतपणे अजून कळवलेलं नाही. सुरू झाल्याचंही कळवलेलं नव्हतं.