गफ्फारचाचांच्या लाल बाटल्या

राळेगावात आमच्या गल्लीत सकाळी आधी फिनाईलचा वास यायचा आणि मागून गफ्फारचाचांची हाळी, "फिनाईल, अ‍ॅसिड, डांबरगोळ्याऽऽ." सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधलेले, हँडलला नरसाळं लटकवलेलं. बाया घरातली रिकामी बाटली घेऊन बाहेर यायच्या. कुणाची शरबताची, कुणाची पाण्याची. चाचा भरून देता देता प्रत्येकीच्या घरची खबर घेत. माझी आई नलू त्यांच्याशी बोलत उभी राहिली की आत भाजी हमखास लागायची.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नवा संडास झाला होता. आईला त्याचं भारी अप्रूप. त्याची फरशी घासायला तिने चाचांकडून पाण्याच्या बाटलीत अ‍ॅसिड घेतलं आणि बाटली मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. भर दुपारी माझे वडील, उकंडा, शेतातून तापून आले. पाण्याच्या बाटलीत पाण्यासारखंच दिसणारं अ‍ॅसिड. त्यांनी बाटली उचलून तोंडाला लावली.

थोडं गिळलं गेलं, बाकीचं त्यांनी थुंकलं आणि गळा धरून खालीच बसले. आईचा आवाज ऐकून शेजारच्या बेबीताई धावत आल्या.

"मिठाचं पाणी पाज नलू, ओकू दे त्याईले."

आईने गडव्यात मीठ कालवलंही. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून पलीकडच्या गल्लीतून चाचा सायकल टाकून आले आणि त्यांनी गडवा तिच्या हातातून काढून घेतला.

"ओकवू नका. जाताना जाळलं, येताना बी जाळीन. चूळ भरू द्या, थुकू द्या, अन् लगेच दवाखान्यात चला."

"तुमाले कसं मालूम?" बेबीताईंनी विचारलं.

"माह्या भावाच्या पोरीले आमी ओकवलं होतं," चाचा म्हणाले आणि जीप पाहायला निघून गेले.

डॉक्टरांना दाखवायला ती बाटली त्यांनीच फडक्यात गुंडाळून घेतली. यवतमाळपर्यंत बाबांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. बाबा वाचले. कितीतरी दिवस त्यांचं जेवण म्हणजे गार दूध आणि पेज.

चाचांना कुणीच बोल लावला नाही, पण त्यांची हाळी बंद झाली. शेवटी आई त्यांच्या घरी गेली. मीही तिच्यासोबत होते. त्यांची बायको, जुबैदाचाची, दारातच म्हणाली, "दो निवाले खातात अन् उठून जातात."

"गफ्फारभाई, बाटली मी देल्ली होती," आई म्हणाली. "तुमी कायले जिवाले लावून घेता?"

"भरली तं मी ना, नलूताई."

पुढे ते परत आले, तेव्हा कॅरिअरवर लाल रंगाच्या बाटल्यांची पेटी होती. दोघा नवरा-बायकोंनी अंगणात बसून रंगवलेल्या. दुसऱ्या कोणत्याही बाटलीत ते काही ओतेनात. "आमच्या घरचं आमी पाहू," असं म्हणून काहीजणींनी त्यांच्याकडून घेणंच सोडलं. चाचा वाद घालत नसत, पुढच्या दारात जात. काही महिन्यांनी त्यांनी अ‍ॅसिड विकणंही थांबवलं. हाळी मात्र लांबली: "फिनाईलऽऽ, पोरायच्या हाताच्या वर ठेवाऽऽ. अ‍ॅसिड अन् ब्लिचिंग एकाजागी टाकू नकाऽऽ, दार उघडं ठेवाऽऽ." आम्ही पोरं त्यांच्या मागे तीच हाळी त्याच सुरात देत पळायचो. आज यवतमाळच्या माझ्या घरात बाथरूम धुताना मी खिडकी उघडते, तेव्हा तो सूर कानात असतो.

आता राळेगावातही दुकानात सीलबंद बाटल्या मिळतात, त्यांना लिंबाचा नाहीतर मोगऱ्याचा वास. चाचांचे गुडघे गेले, सायकल सुटली. गल्लीतली सकाळ आता कशाच्याच वासाची नसते. मला त्या उग्र वासाची आठवण येते, हे लोकांना सांगितलं तर हसतात.

गेल्या ईदला मी आईबाबांबरोबर चाचांकडे गेले. खाटेवर बाबा आणि चाचा शेजारी बसले होते. बाबांचा आवाज त्या दिवसापासून घोगरा, खोल गेलेला; चाचांना हल्ली ऐकू कमी येतं. म्हणून आई दोघांच्या समोर स्टूल घेऊन बसली होती आणि बाबांचं प्रत्येक वाक्य मोठ्याने चाचांना सांगत होती. बोलणं यंदाच्या कपाशीचं चाललं होतं.