फुग्यातून दिसणारी गोधडी

शहराच्या मधल्या मोठ्या बागेत एक फुगा होता. पोरांच्या हातातला नव्हे. आत एखादी इमारत मावेल एवढा, जाड पोलादी तारेनं जमिनीला बांधलेला, आणि खाली गोल पाळणा लटकवलेला. लोक पाळण्यात उभे राहायचे, तार सुटत जायची, फुगा वर चढायचा. वर थोडा वेळ थांबायचं, शहर बघायचं, फोटो काढायचे, की खालचं यंत्र तार गुंडाळून सगळ्यांना पुन्हा होते तिथेच आणून सोडायचं. कुठेही न जाता परत येण्यासाठी लोक रांगा लावत.

पाळण्यात लोकांसोबत वर जायचं काम ज्या बाईकडे होतं, तिची ही गोष्ट. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. दार लावल्यावर कडी ओढून बघायची, वारा मोजणाऱ्या यंत्रावर नजर ठेवायची आणि भेदरलेल्यांना धीर द्यायचा, हे तिचं काम. धीर देण्याची पद्धत मात्र तिची स्वतःची होती. कुणी दात काढत विचारलं, "बाई, तार तुटली तर?" की ती म्हणायची, "तुटली तर आपण वर जाऊ, खाली नाही. उगाच काय घाबरता!" मग विचारणारा उतरेपर्यंत कठडा सोडायचा नाही.

खाली यंत्रावर एक काका बसत. त्यांचं आणि बाईचं बोलणं वॉकीटॉकीवर चाले. कामावर असताना बाईला फोन वर न्यायची परवानगी नव्हती. तो काकांच्या खोलीतल्या कप्प्यात ठेवून जावं लागे. पुढे जे झालं त्याची सुरुवात या कप्प्यापासून आहे.

वर गेल्यावर बाई बोट दाखवून सांगत जायची. ही नदी, ते स्टेडियम, तो कोर्टाचा घुमट, ते बंद पडलेल्या गिरणीचं धुराडं. धुराड्याच्या अलीकडे जुन्या इमारतींच्या गच्च्या होत्या. पाण्याच्या टाक्या, कपड्यांच्या दोऱ्या, मोडक्या खुर्च्या. त्यांच्याबद्दल ती अवाक्षर काढत नसे, पण तिची नजर तिथेच असे. त्यातल्या एका गच्चीवरच्या खोलीत तिची धाकटी बहीण राहत होती, आणि दोघींचं बोलणं तुटलेलं होतं.

गच्ची ओळखायची खूण म्हणजे गोधडी. पिवळी, आणि एका कोपऱ्याला लाल ठिगळ. आईनं शिवलेली. दोघी लहान असताना त्यांचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि खेळायचं मैदान रस्त्यापलीकडे. हाका मारून घसा फोडणं आईच्या स्वभावात नव्हतं. जेवायची वेळ झाली की ती गॅलरीच्या कठड्यावर गोधडी टाकायची. पिवळं दिसलं की खेळ सोडून घरी यायचं. धाकटी लगेच पळत सुटायची. थोरली "एवढा डाव होऊ दे" म्हणत बसायची. आई रागावायची नाही आणि थोरली येईपर्यंत गोधडीही काढायची नाही. जी शेवटी येईल तिनं गोधडी आत आणायची, असा घरचा नियम होता. त्यामुळे ती कायम थोरलीनंच काढली. तोंडात घास असतानाच धाकटी ओरडायची, "आली गं आली ताई, काढ आता गोधडी!" आणि पाठीत धपाटा खायची.

आई आजारी पडली तेव्हा थोरलीकडेच होती. पण थोरली दिवसभर फुग्यावर, म्हणून शेवटी शेवटी धाकटीनं तिला आपल्याकडे नेलं. एका भर दुपारी आईचा जीव घाबरा झाला. धाकटीनं फोनवर फोन केले. फोन कप्प्यात वाजत राहिला, काका यंत्राच्या घरघरीत, आणि थोरली वर कुणाच्या तरी पाहुण्यांना धुराडं दाखवत होती. ती पोचली तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता. धाकटी रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "कधीतरी वेळेवर आलीयेस का गं तू?"

बोलायला नको होतं. पण बोलून गेली, आणि ते थोरलीला काळजात जाऊन लागलं. "आता तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही," ती म्हणाली. "नको टाकूस," धाकटी म्हणाली. गोधडी धाकटीकडेच राहिली. घरी येऊन थोरलीनं फोनमध्ये बहिणीचा नंबर बंद करून टाकला. किती मूर्ख असावं माणसानं! पण दोघी एकाच आईच्या. हट्टात कुणी कुणाला हार जाणारी नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी वरून पिवळं दिसलं. आधी तिला वाटलं, भास झाला. मग लाल कोपरा दिसला. ओळखीतून कळलं की धाकटीनं जागा बदलली आहे. "बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येऊन बसली," थोरली पुटपुटली. पण त्या दिवसापासून तिला रविवारची पहिली फेरी हवीशी वाटू लागली. गोधडी उन्हात पडलेली दिसली की तिच्या मनाला बरं वाटायचं. उठली, गोधडी झटकली, म्हणजे बया धडधाकट आहे. मग ती उरलेला आठवडा निश्चिंतपणे बहिणीवर रागावून काढायची.

यंदाची थंडी सरली आणि गोधडी रोज दिसायला लागली. सकाळीही तिथे, उतरत्या उन्हातही तिथे. दोरीवरून हलवून आता ती गच्चीच्या कठड्यावर टाकलेली असायची, बागेच्या बाजूला.

थोरलीच्या डोक्यात सणक गेली. "मला खिजवतेय," ती काकांना म्हणाली. "आई टाकायची तश्शी टाकतेय. वेळेवर येत जा म्हणून टोमणा आहे तो."

"टोमण्यासाठी एवढी जड गोधडी रोज कोण उचलतं हो?" काका म्हणाले. "जाऊन या एकदा."

"तिला पाय नाहीत का?"

"मग दुर्बीण तरी लावा. पाळण्यात टांगलेलीच आहे."

"तिच्यासाठी दुर्बीण? तेवढंच राहिलंय आता!"

असं म्हणाली खरी, पण एका संध्याकाळी पिशवीत संत्री घेऊन ती त्या इमारतीच्या दारापर्यंत गेली. आत जिना अंधारा होता. वरून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता. पायरीवर पाय ठेवला आणि आई गेली त्या दुपारचा प्रश्न पुन्हा कानात वाजला. तिला वाटलं, मीच का दर वेळी खाली मान घालायची? आधी ती एक जिना उतरू दे. ती माघारी फिरली. संत्री घरी जाऊन एकटीनंच सोलून खाल्ली, आणि ती आंबट निघाली म्हणून फळवाल्याला शिव्या घातल्या.

मग वारं सुटलं. फुगा खाली ओढून दोरखंडांनी चारी बाजूंनी जखडून ठेवला. मागून अवकाळी पाऊस आला. आठवडाभर फेऱ्या बंद. बाई दिवसभर गाठी तपासायची, पाळण्यातलं पाणी उपसायची आणि मान वर करून धुराड्याच्या दिशेनं बघायची. खालून झाडांच्या शेंड्यांपलीकडे काहीच दिसत नव्हतं.

वारा पडल्यावर पहिल्या फेरीला पाळणा भरला. झाडांच्या वर येताच तिनं गच्ची शोधली. गोधडी होती. चिंब भिजलेली, एका टोकानं लोंबकळत, लाल कोपरा भिंतीवरून खाली आलेला. नुसता ढग आला तरी धाकटी आधी कपडे काढायला धावायची. पावसात गोधडी बाहेर ठेवणारी ती नव्हे.

दुर्बीण एका पाहुण्याच्या हातात होती. बाईनं ती काढून घेतली. खोलीच्या दाराला कुलूप होतं.

"काका, खाली घ्या."

"आत्ता तर वर गेलात. वारा आहे का?"

"वारा नाही. खाली घ्या म्हणते ना!"

लोक कुरकुरले. कुणी तक्रार करण्याची भाषा केली. तार आपल्या नेहमीच्या चालीनं गुंडाळली जात होती आणि बाई कठड्याला धरून त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत होती, तो झाडांमागे जाईपर्यंत.

जिना चढून ती गच्चीवर पोचली तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. शेजारच्या खोलीतून हातात बादली घेतलेली एक म्हातारी बाहेर आली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही ताई ना?"

"कुठंय ती?"

म्हातारीनं बादली खाली ठेवली. "वारं सुटलं ना, त्या दिवशी सकाळी गेली. पोटाचं दुखणं होतं. थंडीपासून अंथरुणातच होती. तिच्या फोनवरून तुमचा फोन लागत नव्हता. बागेत पोरगं पाठवलं, तर वाऱ्यामुळे फाटक बंद. आम्ही शेजाऱ्यांनीच सगळं केलं."

थोरली कठड्याशी खाली बसली.

"गोधडी मीच टाकायचे रोज," म्हातारी सांगत होती. "तिला उचलवायची नाही. म्हणायची, मावशी, बागेच्या बाजूला टाका, ताई वर आली की तिला दिसेल. मी म्हटलं, अगं, मी जाऊन बोलावून आणते, बाग काय लांब आहे? तर ऐकायची नाही. म्हणे, सांगून आणायची नाही, गोधडी बघितली की ती येते. जरा उशिरा येते, पण येते. खोलीसुद्धा हीच धरली होती बघा. उन्हात भट्टीसारखी तापते, पण फुगा दिसतो ना इथून."

थोरलीनं मान वळवली. बागेवर फुगा चढत होता. दुसरं कुणीतरी लोकांना घेऊन वर निघालं होतं.

"तिला राग होता का माझा?"

"शेवटच्या दिवशी म्हणाली, आई दुपारची गेली तेव्हा मी ताईला फार लागेल असं बोलले. आली की सांगायचंय." म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. "गडबडीत ही गोधडी काढायची राहूनच गेली. मग पाऊस लागला. थांबा, काढते."

"नको," थोरली म्हणाली. "शेवटी मी आलेय."

तिनं उठून कठड्याच्या गजावरचा चिमटा काढला आणि कोपरा ओढला. पाणी पिऊन गोधडी इतकी जड झाली होती की एकटीला उचलेना. म्हातारी हात लावायला पुढे आली, पण थोरलीनं तिला लावू दिला नाही.