राबावर कोण होतं

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. शहापूरला ज्या समुपदेशक बाईंकडे अकरा गुरुवार गेलो, त्यांच्यापाशीही नाही. बाकी सगळं त्यांना सांगितलं — दिवसाला सरासरी सहा तास चाळीस मिनिटं गेम, त्यातला कामावर किती, जेवताना किती, संडासात किती. मी भाताच्या गिरणीत वजनकाटा बघतो. पाव किलोचा फरक मला चालत नाही. बाई म्हणाल्या, इतकं खरं सांगणारा माणूस लवकर सुटतो. मी मान हलवली. एक सकाळ वजा करून सांगितलं होतं — ते त्यांना कसं कळणार?

गेम साधाच. रंगीत मणी, तीन सारखे एका ओळीत आणले की नाहीसे होतात. मारामारी नाही, पैसे नाहीत, म्हणून मला ते व्यसन वाटलंच नाही. पण पुढे पुढे — तुम्हाला विचित्र वाटेल — फोन खिशात असतानाही मणी दिसायला लागले. धसईच्या बाजारात तीन पांढऱ्या टोप्या शेजारीशेजारी बसलेल्या दिसल्या की माझा अंगठा आपोआप सरकायचा. वाटायचं, आता ही माणसं जातील. ती बसलेलीच राहिली की चुकल्यासारखं व्हायचं.

आता ती सकाळ. पाच वर्षं झाली.

आमच्याकडे पेरणीआधी राब भाजतात. जमिनीच्या तुकड्यावर शेण, पाला, पेंढा पसरायचा, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवायचं. त्याच भाजलेल्या मातीत भाताचं रोप होतं. आग दिसत नाही, मातीखालून चालते. म्हणून निवेपर्यंत एक माणूस ओला टहाळा — आग झोडायला पाल्याची फांदी — घेऊन उभा राहतो. आप्पांनी — माझ्या वडिलांनी — उभ्या आयुष्यात राब एकटा सोडला नव्हता. त्या दिवशी पायात गोळे आले म्हणून घरी निघाले. टहाळा माझ्या हातात दिला. म्हणाले, "हालू नको रे इथून. वरून गार वाटतं, खाली चालूच असतं."

मी हो म्हणालो. ते वळणाआड गेले. टहाळा बांधावर ठेवला आणि फोन काढला.

धूर मला दिसला होता. दिसला नव्हता असं मी स्वतःलाही बरीच वर्षं सांगितलं. बांधावरच्या सुक्या गवतातून एक बारीक निळसर रेघ शेजारच्या कमळाकाकीच्या गोठ्याकडे सरकत होती — आवाज नाही, घाई नाही. माझ्या सात चाली उरल्या होत्या. सातही खेळलो. शेवटच्या चालीला पडद्यावर फटाके उडाले, आणि मान वर केली तेव्हा गोठा पेटला होता. आत गाय बांधलेली होती. तिचा आवाज — तो राहू दे.

माणसं जमली, आप्पा धापा टाकत आले. सगळ्यांसमोर विचारलं, "तुला उभा केला होता ना मी?"

"नाय आप्पा. धूर बघून मी आत्ता आलो. तुमी एकटेच होतात राबावर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघितलं — दोन्ही बाजूंनी, उलटसुलट करून. आणि काकीपुढे हात जोडले. "कमळे, माझ्याकडनं झालं गो. ध्यानात राहत नाय आता."

लोकांनी समजून घेतलं. वय झालं, म्हणाले.

त्या दिवसापासून आप्पा स्वतःला विचारेनासे झाले, मला विचारायचे. मी जेवलो का? दार लावलं का मी? एका दिवसात एकतीस वेळा — मी मोजलंय. बायकोच्या आग्रहाने मुरबाडच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, नातवंडांची नावं विचारली. सगळं बरोबर. आप्पांना ते पटेना. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला इचारा. ह्याला म्हाईत."

मी काय सांगितलं? "कधी कधी विसरतात," असं सांगितलं.

मग ते रोज त्या तुकड्यावर जाऊ लागले. वाकून तळहात मातीला लावायचे. भर श्रावणातही — गुडघाभर पाण्यात उभं राहून हात खाली घालायचे, आणि बांधावर मी असलो तर विचारायचे, "निवलं का रे?"

"निवलं, आप्पा."

चार वर्षं.

गेल्या माघात गेले. दहाव्याला नदीकाठी तीन पांढऱ्या टोप्या ओळीत बसल्या होत्या, आणि माझा अंगठा सरकला. मी बघत थांबलो — कोण जातंय ते. त्यानंतरच्या गुरुवारी शहापूरची एसटी धरली. आता माझ्याकडे बटणांचा फोन आहे. दोनशे बारा दिवस झाले. घरात, गिरणीत माझं कौतुक होतं. बायको पाहुण्यांना सांगते.

यंदा राब मीच भाजला. तीन तास पन्नास मिनिटं टहाळा धरून उभा होतो. शेवटी वाकून तळहात लावला. माती गार होती. मागून कोणी विचारेल म्हणून तसाच वाकून राहिलो — उत्तर तयार होतं. कोणी विचारलं नाही.

आप्पा काहीच विसरले नव्हते. त्यांनी मला उभा केला होता. टहाळा माझ्या हातात दिला होता, आणि मी हो म्हणालो होतो.